श्रद्धा एकट्याची, वाचन चौघांचे

श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. कुणी कशावर विश्वास ठेवावा हे सरकारने, जातीने किंवा शेजाऱ्याने ठरवू नये. पण श्रद्धा कुणाची, हा एक प्रश्न झाला आणि ती घडते कशी, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की असे समजले जाते की माणूस दार लावून एकटा बसतो, धर्मग्रंथ उघडतो आणि त्यातून त्याची स्वतःची अशी श्रद्धा उगवते. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी चर्चमध्ये किंवा कुणाच्या घरी जमून बायबलचा एक अध्याय वाचणारे दहा-बारा जण या समजुतीत बसत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हे एकमेकांचे ऐकून मत बनवणारे लोक. यांची श्रद्धा उसनी. माझे म्हणणे याच्या उलट आहे. एकट्याने वाचताना माणसाला ग्रंथात बरेचदा स्वतःचीच मते सापडतात. तोच उतारा वेगळे आयुष्य जगलेल्या माणसांसमोर वाचावा लागला, त्यांनी त्यात काय पाहिले ते ऐकून घ्यावे लागले, की मगच वाचणाऱ्याची श्रद्धा खऱ्या अर्थाने त्याची होऊ लागते. मात्र याला एक अट आहे आणि ती पाळणे सोपे नाही.

या म्हणण्याला आधार काय? अमेरिकेतले बायबल-अभ्यासक मार्क ॲलन पॉवेल यांनी केलेला एक साधा प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. धाकटा मुलगा वडिलांकडून आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जातो, पैसा उधळतो, त्या देशात मोठा दुष्काळ पडतो, तो डुकरे राखायला लागतो, त्याला कुणी काही देत नाही, आणि शेवटी तो घरी परततो. पॉवेल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हा दाखला वाचायला लावला, पुस्तक मिटायला सांगितले आणि गोष्ट आठवणीतून एकमेकांना सांगायला लावली. बारापैकी एकाच्याही सांगण्यात दुष्काळ आला नाही. त्यांनी हाच प्रयोग शंभर अमेरिकी लोकांवर केला. त्यात स्त्रिया-पुरुष, गोरे-काळे, गरीब-श्रीमंत, तरुण-म्हातारे सगळे होते. दुष्काळाची आठवण फक्त सहा जणांना राहिली. पैसे उधळल्याचे मात्र सगळ्यांनी सांगितले. पुढे रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांनी पन्नास जणांना तीच गोष्ट सांगायला लावली, तेव्हा बेचाळीस जणांनी दुष्काळाचा उल्लेख केला आणि उधळपट्टीचा उल्लेख जेमतेम सतरा जणांनी. हे तेच शहर, जे 1941 ते 1944 या काळात लेनिनग्राड म्हणून नाझी सैन्याच्या वेढ्यात सापडले होते आणि जिथे लाखो माणसे उपासमारीने मेली. टांझानियात पॉवेल यांनी विचारले, मुलावर उपासमारीची वेळ का आली? तिथे मिळालेले उत्तर अमेरिकेतही नव्हते आणि रशियातही नव्हते: कारण त्याला कुणी खायला दिले नाही. परक्याला उपाशी ठेवणारा तो समाजच दोषी, असे त्या वाचकांना वाटले.

यात कुणी खोटे बोलले नव्हते. उधळपट्टी, दुष्काळ आणि कुणी काही न देणे या तिन्ही गोष्टी त्या दाखल्यात अगदी लागोपाठ आल्या आहेत. पण ज्या समाजात पैशाची उधळपट्टी हे मोठे पाप मानले जाते तिथल्या वाचकाच्या नजरेतून दुष्काळ निसटला, आणि ज्या शहराने भूक भोगली तिथे तो ठळक झाला. आता यातला प्रत्येक वाचक घरी एकटाच हा दाखला वाचत राहिला असता तर? अमेरिकी वाचकाच्या श्रद्धेत संकट म्हणजे स्वतःच्या चुकीचे फळ, हे समीकरण पक्के झाले असते. ज्याच्यावर अशी पाळी येते त्याने काहीतरी केलेच असणार, असे तो आयुष्यभर मानत राहिला असता आणि त्याला वाटले असते की हे बायबलच सांगते. त्याच्या शेजारी बसून कुणीतरी “मध्ये दुष्काळही पडला होता ना?” असे विचारणे, एवढ्याने त्याच्या देवाविषयीच्या कल्पनेला धक्का बसू शकतो. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली आणि विधवा स्त्रिया केडगावला मुक्ती सदनात आणल्या. अशा स्त्रियांसमोर हा दाखला वाचला गेला की दुष्काळाच्या ओळीवरून नजर घसरून जाणार कशी? ज्या खोलीत त्या बसल्या असतील त्या खोलीत ती ओळ चुकवता येत नाही. म्हणूनच अभ्यासाला कोण बसले आहे, हा प्रश्न अभ्यासाला कोणता अध्याय घेतला आहे याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

प्रत्यक्ष अभ्यास कसा चालतो, हेही जवळून पाहायला हवे. मराठी मंडळ्यांमध्ये साधारणपणे आधी प्रार्थना होते, एक-दोन गीते होतात, मग ठरलेला अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचला जातो. मोठ्याने वाचण्याला महत्त्व आहे, कारण घाईने डोळे फिरवून पुढे जाण्याची सोय त्यात राहत नाही. पुढे काय होते यावर सगळे अवलंबून असते. काही ठिकाणी पाळक किंवा मंडळीतले वडील अर्थ सांगतात आणि बाकीचे मान डोलावतात. ते रविवारच्या उपदेशाचेच छोटे रूप झाले. दुसरीकडे चालवणारा प्रश्न टाकतो आणि गप्प बसतो. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या. मालक पहाटेपासून संध्याकाळी पाचपर्यंत मजूर आणत राहतो आणि शेवटी सगळ्यांना एका दिवसाची सारखीच मजुरी देतो. बँकेतल्या नोकरदाराला यात दिवसभर राबलेल्यांवरचा अन्याय चटकन दिसतो आणि तो देवाची कृपा अनाकलनीय असते असे म्हणून विषय मिटवतो. पण त्याच बैठकीत कधी काळी नाक्यावर उभा राहून काम मिळण्याची वाट पाहिलेला माणूस असेल, तर तो दुसऱ्याच जागी थांबतो. पाच वाजता उभे असलेले मजूर मालकाला सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलेच नाही. ते आळशी नव्हते. दिवसभर ताटकळत होते आणि त्यांच्या घरची चूल अख्ख्या दिवसाच्या मजुरीवरच पेटणार होती. हे ऐकल्यावर नोकरदाराला आपले मत बदलावेच लागते असे नाही. पण न्याय म्हणजे कष्टाच्या तासांचा हिशेब की पोटापुरते मिळणे, या प्रश्नाचे उत्तर आता त्याला स्वतः शोधावे लागते. आधी त्याच्याकडे फक्त एक सवयीचे मत होते. आता त्याने निवडलेले उत्तर, ते कोणतेही असो, त्याचे स्वतःचे असेल.

ही कल्पना काही आजची नाही. जर्मन धर्मसुधारक फिलिप याकोब श्पेनर यांनी 1670 मध्ये फ्रँकफुर्टमध्ये आपल्या घरी अशा बैठका सुरू केल्या आणि 1675 च्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांची मांडणी केली. व्यासपीठावरून प्रवचन चालूच राहावे, पण त्याखेरीज सामान्य लोकांनी जमून शास्त्र वाचावे, बोलावे, शंका विचाराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये सर्वसामान्य भाविकांनी बायबल स्वतः वाचावे या गोष्टीला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या दस्तऐवजात स्पष्ट प्रोत्साहन दिले. आपल्याकडे बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्ये बाहेर पडला, तेव्हा तो स्वतः वाचू शकणारे लोक फारच थोडे होते. एकाने वाचायचे आणि चौघांनी ऐकायचे, हीच मराठी ख्रिस्ती वाचनाची सुरुवातीची रीत. वारकऱ्यांच्या पारायणाची किंवा वर्षावासात विहारात होणाऱ्या ग्रंथवाचनाची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एकट्याने मुक्याने वाचणे ही मानवी इतिहासातली उशिरा रुळलेली सवय आहे. तीच खरी श्रद्धा आणि बाकीची उसनी, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की गटात माणूस स्वतंत्र विचार करीत नाही, कळपासारखा वागतो. याला पुरावाही आहे. ब्रायन मॅली यांनी अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट मंडळीचा अभ्यास करून 2004 मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात दाखवून दिले की लोक मजकुरातून मते काढतात असे आपल्याला वाटते, पण बरेचदा मते परंपरेने आधीच मिळालेली असतात आणि वाचन त्यांना मजकुराशी जोडून देण्याचे काम करते. याची भीषण बाजू दक्षिण आफ्रिकेत दिसली. तिथल्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1974 च्या आपल्या अहवालात देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवले ही बाबेलच्या बुरुजाची गोष्ट वंशांना वेगळे ठेवण्याच्या समर्थनार्थ वापरली. हे लोक बायबल न वाचणारे नव्हते. घरोघरी, मंडळ्यांमंडळ्यांतून ते मन लावून वाचले जात होते. तरी कुणाला खटकले नाही, कारण ज्याला खटकले असते तो त्या खोलीत बसायलाच नव्हता. त्याच चर्चने ज्यांना वेगळ्या मंडळीत बसवले होते त्या मिश्रवर्णीय ख्रिस्ती लोकांनी तेच बायबल वाचून 1982 मध्ये बेल्हार विश्वासकबुलीचा मसुदा तयार केला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. माणसांना वंशानुसार तोडणारी शिकवण सुवार्तेच्या विरोधात आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण तो सामूहिक वाचनावरचा नाही. तो एकसारख्या माणसांच्या वाचनावरचा आहे. सारख्याच जातीचे, सारख्याच पगाराचे, सारख्याच वयाचे पुरुष एकत्र बसले तर ते एकट्याच्या वाचनाहूनही वाईट. कारण एकट्याला निदान आपण चुकत असू अशी शंका येते, बाराजणांना ती येत नाही. मी सुरुवातीला म्हटलेली अट हीच. गटात वेगळा आवाज असला पाहिजे आणि त्याला बोलू दिले पाहिजे.

ही अट पाळली तर काय होऊ शकते, हेही दक्षिण आफ्रिकेनेच दाखवले. पीटरमॅरित्झबर्गच्या विद्यापीठाशी जोडलेल्या, आज उजामा सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 1990 च्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांसोबत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचायला सुरुवात केली. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर तिचाच सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो, अशी ही गोष्ट. रविवारच्या उपासनेत ती क्वचितच वाचली जाते. अभ्यास चालवणाऱ्यांनी भाष्य केले नाही, प्रश्न विचारले. गोष्टीत कोणकोण पुरुष आहेत आणि या अत्याचारात प्रत्येकाचा वाटा काय? तामार स्वतः काय म्हणते, काय करते? आणि मग, आपल्या वस्तीत अशा बाईला आधार कुठे मिळतो? प्रश्न साधे, पण उत्तरे शोधताना लक्षात येते की आजाराचे सोंग घेण्याची युक्ती सांगणारा मित्र, तिला भावाच्या घरी पाठवणारा बाप, तिला हाकलून दार लावणारा नोकर, तिला गप्प राहायला सांगणारा दुसरा भाऊ, आणि संतापूनही काहीच न करणारा राजा, या साऱ्यांचा त्यात हात आहे. तामार मात्र गप्प नाही. ती नकार देते, कारणे देते, बाहेर काढल्यावर डोक्यावर राख टाकून मोठ्याने आक्रोश करीत जाते. घरातल्या इज्जतीसाठी गप्प बसणे म्हणजे धर्म, असे शिकवल्या गेलेल्या बाईला हे वाचताना काय वाटत असेल? तिच्या श्रद्धेतला गप्प बसण्याचा भाग तिने स्वतः तपासला, आणि तोही आपल्यासारख्याच दुसऱ्या स्त्रियांच्या सोबतीने. एकटीने कदाचित तिने तो अध्याय उघडलाच नसता, आणि उघडला असता तर लाजेने मिटला असता. यातूनच पुढे स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची तामार मोहीम उभी राहिली.

दुसरा आक्षेप विद्वानांचा असतो. हिब्रू आणि ग्रीक न येणाऱ्या, इतिहास न वाचलेल्या माणसांनी दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा अर्थ लावायचा म्हणजे अनर्थच होणार; हे काम पाळकांचे, धर्मगुरूंचे. यात तथ्य आहे. संदर्भ माहीत नसला की माणूस एखादी ओळ उचलून तिच्यावर मनाला येईल तो इमला चढवतो. असे करणारे उपदेशक कमी नाहीत. पण यावरचा इलाज लोकांना गप्प बसवणे हा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत बसून जे ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले त्यात टीपा आणि प्रस्तावना घालण्याचे कारणच हे, की सामान्य वाचकाला संदर्भ मिळावा आणि त्याने स्वतः वाचावे. एक दिवसाची मजुरी म्हणजे किती, शोमरोनी लोकांशी यहुद्यांचे वैर का होते, हे जाणकाराने सांगावे. त्या माहितीच्या प्रकाशात आपल्या आयुष्याला काय लागू होते, हे मात्र ज्याचे त्याने बोलावे. पॉवेल यांचा प्रयोग इथेही बोलका आहे. दुष्काळ विसरलेले ते पहिले बारा जण धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी होते, आणि तरी भुकेचा विसर पडला.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. अशा गटांत श्रद्धेला काही धार येत नाही. लोक सुखदुःख सांगायला येतात, एकमेकांना धीर देतात, चहा पिऊन घरी जातात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथ्नाव यांनी 1994 मध्ये छोट्या गटांवरच्या आपल्या मोठ्या अभ्यासात जवळजवळ हाच निष्कर्ष काढला. तिथले दहांतले सुमारे चार प्रौढ कुठल्या ना कुठल्या लहान गटात नियमित जात होते. पण वेळ असेल तर यावे, वाटले तर बोलावे, कुणावर टीका करू नये आणि पटले नाही तर मुकाट्याने येणे बंद करावे, एवढाच त्या गटांचा अलिखित नियम होता. अशा ठिकाणी देवही सोयीचा, गोड आणि हवा तेव्हा हजर होणारा बनतो, ही वुथ्नाव यांची चिंता रास्त आहे. धीर देणे हे कमी मोलाचे नाही; आजारपणात, बेकारीत, घरातल्या मृत्यूनंतर त्याचीच गरज असते. मात्र ज्या बैठकीत कुणी कधीच कुणाला “हे मला पटले नाही” असे म्हणत नाही, तिथे बायबलचा अभ्यास होत नाही, फक्त बायबल समोर उघडे असते.

पटले नाही असे म्हणण्याचे बळ आपल्याच परंपरेत एका स्त्रीने दाखवले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. देवाचे त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या सगळ्यांवर रमाबाईंनी प्रश्न केले. केवळ चर्च म्हणते म्हणून कुठलीही गोष्ट मान्य करायला त्यांनी नकार दिला. बायबलमध्ये ती दिसायला हवी आणि आपल्या विवेकाला पटायला हवी, असा त्यांचा हेका होता. जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. पण त्या पत्रांवाचून रमाबाईंची श्रद्धा त्यांची झाली असती का? विरोध करणारी, उत्तर मागणारी माणसे समोर होती म्हणून त्यांना प्रत्येक मुद्दा पुन्हा वाचावा लागला, पुन्हा मांडावा लागला. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. तो साध्या बायकांना कळावा अशी त्यांची धडपड होती, आणि मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवून छपाई केली. रमाबाई 1922 मध्ये वारल्या आणि 1924 मध्ये तो ग्रंथ पूर्ण छापून बाहेर आला. वाद घालून मिळवलेली श्रद्धा त्यांनी अशा रीतीने इतरांच्या हाती वाचण्यासाठी दिली.

म्हणून मराठी मंडळ्यांनी आपले बायबल अभ्यास एका कसोटीवर घासून पाहावेत. कितीजण येतात, किती अध्याय संपले, गीते किती सुंदर झाली, हे मोजणे सोपे असते. त्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत. अभ्यास चालवण्याची पाळी स्त्रियांकडे, तरुणांकडे, घरकाम करणाऱ्यांकडे येते का? शहरातल्या मंडळीत गावाकडून नुकत्याच आलेल्याला आधी बोलू दिले जाते, की त्याचे बोलणे जुने सभासद सुधारून सांगतात? दलित ख्रिस्ती आणि इतर एकाच बैठकीत वाचतात, की जातीनुसार बैठकाही वेगळ्या? पाळकाचे मत शेवटी ऐकले जाते की सुरुवातीला? आणि सगळ्यात महत्त्वाचे, गेल्या वर्षभरात ज्याने उघडपणे मतभेद मांडला तो पुढच्या आठवड्यालाही आला का, आणि त्याच्या बोलण्यामुळे दुसऱ्या कुणाला आपला एखादा समज सोडावा लागला का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर त्या गटातल्या प्रत्येकाची श्रद्धा खासगी आहे असे खुशाल म्हणावे, कारण ती त्याने मिळवलेली आहे. उत्तर नाही असेल, तर तिथे जमलेल्या सर्वांची मिळून एकच श्रद्धा आहे आणि ती त्यांच्यापैकी कुणाचीही नाही.